धूरबंदीचं निमित्त

मारिनुस डीलमननं आयुष्यभर दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. अक्सेल गावाच्या आसपासच्या गोठ्यांत त्याला ओळखत नाही अशी गाय सापडायची नाही, असं त्याची बायको कातेलेन म्हणायची. माणूस अबोल. पहाटे फोन आला की हत्यारांची पेटी डिझेलच्या लांबट गाडीत टाकायची आणि निघायचं. गाडी वीस वर्षांची झाली तरी त्यानं ती बदलली नाही.

कातेलेन देशाच्या सीमेपलीकडची, अँटवर्प शहरातली. तिची आई गोडेलीव तिथेच बोर्गरहाउट भागात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. कातेलेन आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. जायच्या आधी तिनं नवऱ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आईकडे जायचं. "बोलेल तीच. तू नुसता बसलास तरी पुरे," ती म्हणाली होती.

दोन वर्षं तो नेमानं गेला, पण ते जाणं त्याला फार जड जायचं. म्हातारी दार उघडायची ती डोळे पुसतच. भिंतीवर कातेलेन, कपाटावर कातेलेन, आणि कॉफी ओतता ओतता तेच तेच प्रश्न. ती पहिल्यांदा पडली तेव्हा तू कुठे होतास? डॉक्टरला लगेच का नाही बोलावलंस? तो काहीतरी पुटपुटायचा, केक कसाबसा गिळायचा आणि चार वाजले की कोट चढवायचा. परतताना नदीखालच्या बोगद्यात गाडी शिरली की त्याला सुटल्यासारखं वाटायचं. आणि तसं वाटलं याची घरापर्यंत लाज वाटत राहायची.

मग अँटवर्प शहरानं धूरबंदीचे नियम कडक केले. त्याच्या गाडीसारख्या जुन्या डिझेल गाड्यांना आत मज्जाव झाला. शहराच्या कडेनं कॅमेरे होते. नंबरपाटी टिपली गेली की दंडाचं पत्र थेट घरी, मग गाडी गावातली असो की पाहुण्याची. मारिनुसनं संगणकावर गाडीचा नंबर घालून पाहिलं. गाडी नियमात बसत नव्हती. त्याच पानावर खाली लिहिलं होतं, की एका दिवसाचा परवाना विकत मिळतो, नाहीतर गाडी शहराबाहेर मेल्सेलेला लावा आणि ट्रामनं या. तेही त्यानं वाचलं. दोनदा वाचलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी तो निघाला तर खरा. मेल्सेलेला ट्रामच्या शेवटच्या थांब्याशेजारच्या मोकळ्या जागेत त्यानं गाडी लावली. समोर ट्राम उभी होती, ती गेली. दुसरी आली, तीही गेली. मारिनुस गाडीतच बसून चीज-पाव खात होता. तिसरी ट्राम सुटली तेव्हा त्यानं गाडी सुरू केली आणि घराकडे वळवली.

संध्याकाळी त्यानं फोन केला. "आई, तुमच्या शहरात माझ्या गाडीला बंदी झालीय. अर्ध्या वाटेतनं परत यावं लागलं."

"अगंबाई! पाहुण्यालासुद्धा?"

"कुणालाही. कॅमेरे लावलेत ना."

"काय मेले एकेक नियम काढतात! मग आता रे?"

"बघू काहीतरी."

त्या 'बघू'त आठ महिने गेले. सुरुवातीला तो फोन करायचा, पुढे तेही लांबत गेलं. रविवार आला की तो गाडी धुवायचा, कुंपण रंगवायचा, कशात तरी स्वतःला गुंतवून घ्यायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अकराच्या सुमारास फोन वाजला.

"मारिनुस, मी मेल्सेलेला आलेय."

"कुठे?"

"मेल्सेलेला रे, ट्रामच्या थांब्यावर! तुझी गाडी इथपर्यंत चालते ना? मग ये की. हा या बाईंचा फोन आहे, मी ठेवते."

तो पोचेपर्यंत पाऊण तास गेला. थांब्यावरच्या काचेच्या आडोशाला ती बसली होती. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, अंगात ठेवणीतला कोट, शेजारी चालताना धरायची चाकांची गाडी, थंडीनं नाक लालबुंद. त्यानं तिला आपल्या गाडीत बसवलं आणि आतली गरम हवा सुरू केली. तिनं पिशवीतून थर्मास काढला, लोणी लावलेला मनुकांचा पाव काढला, आणि उत्साहानं सांगू लागली.

"नगरपालिकेत गेले होते मी. तिथली मुलगी म्हणाली, आजी, जावयाला सांगा, दिवसाचा परवाना मिळतो, नाहीतर गाडी मेल्सेलेला लावायची. म्हटलं, अगं त्याला कुठलं माहीत असायला, तो गाईगुरांतला माणूस! मीच जाऊन दाखवते त्याला. अगदी सोपं आहे बघ. ट्राम एकदाच बदलायची."

"असं होय?" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यानं हातातला पाव खाली ठेवला.

"आई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळंच. परवान्याचं, या जागेचं. मार्चमध्ये मी इथंच येऊन बसलो होतो. तीन ट्राम गेल्या. मी चढलो नाही."

म्हातारीनं कप खाली ठेवला. "मी तुझं काय वाईट केलं रे?"

"काही नाही. तुम्ही विचारता ना, ती पडली तेव्हा तू कुठे होतास?" तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता. "तिनं मला सकाळी फोन केला होता, बरं वाटत नाही म्हणून. मी एका गोठ्यात पंप उघडून बसलो होतो. म्हटलं, हे संपवून येतो. दुपारी आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर."

म्हातारीनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"फोन तिनं मलाही केला होता," ती म्हणाली. "मी सांगितलं, पड जरा, बरं वाटेल. दोन वर्षं तुला विचारत होते ते काय तुला पकडायला? चूक एकट्या माझीच नव्हती, एवढं कुणीतरी म्हणावं असं वाटायचं." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण आठ महिने, मारिनुस! माझ्याकडे काय महिन्यांची कोठारं भरलीत? सरळ म्हणायचंस, येववत नाही. त्या कॅमेऱ्यांच्या नावावर कशाला खपवलंस?"

"चुकलं माझं."

"चुकलंच!"

तिनं दार उघडलं आणि त्याचा हात न धरता उतरली. आपली गाडी तिथंच सोडून, तिची चाकांची गाडी उचलून घेत तोही तिच्यामागून ट्राममध्ये चढला. ती खिडकीशी बसली, तो तिच्या मागच्या सीटवर. वाटभर ती बाहेरच बघत होती. ट्राम बदलायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं उठताना त्याची बाही धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

त्यानंतर तो महिन्यातून एकदा नव्हे, दर रविवारी गेला. कधी दोघं बोलायचे, कधी ती रागावून गप्प बसायची. त्या आठ महिन्यांचा विषय तिनं पुन्हा दोन-तीनदा काढला आणि त्यानं ऐकून घेतलं. पुढल्या वर्षीच्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

दफनानंतर कॉफीच्या वेळी तिची शेजारीण त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "जावई असावा तर असा! ट्रामनं यायचात हो, इतक्या लांबून."

"मधले आठ महिने मी आलोच नव्हतो," मारिनुस म्हणाला.

"अहो, तेवढं चालायचंच," असं म्हणत तिनं त्याच्या बशीत आणखी एक पाव ठेवला.