खांद्यावरचा टॉवेल

पंक्चरवाल्या मास्तरांना आता कुणी टॉवेल पुढे केला तरी ते घेत नाहीत. भर उन्हात घाम डोळ्यांत उतरतो, पण शर्टाच्या बाहीनेच पुसतात. मैदानावर येणाऱ्या नव्या पोरांना त्याची मोठी गंमत वाटते. वाटू दे. त्यांना काय ठाऊक!

माणूस तसा साधा. दिवसभर कोपऱ्यावरच्या टपरीत सायकलींची पंक्चरं काढायची, पाच वाजले की शटर ओढायचं आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवायचा. बावीस वर्षं हेच. क्लब क्लब म्हणतात तो तरी केवढा, तर दोन गोलपोस्ट, एक जाळी (दुसरी फाटली ती फाटलीच) आणि सोळा जर्सी, त्यातही सात नंबर दोनदा छापून आलेला. पण त्या धुळीतून एकेक पोरगं असं तयार व्हायचं की मोठ्या श्रीमंत क्लबच्या तोंडाला पाणी सुटावं.

आणि सुटायचंच. त्यांचा माणूस दर वर्षी हजर. चकचकीत बूट, घडीची खुर्ची, हातात वही. चहा विचारला तर नको, पाणी विचारलं तर नको. तासाभराने उठायचा आणि बोट दाखवायचा. झालं, तो पोरगा गेला. पोराला हॉस्टेल, शाळा, नवे बूट. मास्तरांना एक टोपी आणि पाच बॉल.

"घडवायला सहा वर्षं आणि न्यायला एक तास," मास्तर बायकोपाशी चडफडायचे.

"मग टोपली घेऊन बाजारातच बसा ना," ती म्हणायची. "निदान भाव तरी करता येईल."

टोमणा झोंबायचा. पण मास्तरांचं खरं दुखणं पोरं नेतात हे नव्हतं, परत पाठवतात हे होतं. त्यांचा पहिला लाडका चेला, चष्मिस. बाराव्या वर्षी निघाला तेव्हा अख्खी गल्ली त्याला बसपर्यंत सोडायला गेली होती. सतराव्या वर्षी चार ओळींचं पत्र घेऊन एकटाच परत आला. उंची पुरेशी नाही म्हणे! अरे, पाच वर्षं काय झोपला होतात? शाळा सुटली होती, गुडघा कामातून गेला होता. आता तो गोदामात खोकी उचलतो. टपरीवरून जाताना मास्तरांकडे बघून हसतो, मैदानाकडे मात्र फिरकत नाही. त्या हसण्याने मास्तरांना दिवसभर जेवण जात नसे.

तेव्हापासून त्यांनी युक्ती काढली. घडीची खुर्ची दिसली की मास्तर टॉवेल डाव्या खांद्यावर टाकायचे. टॉवेल खांद्यावर आला की संघातल्या सगळ्यात चांगल्या पोराने उजवा पाय घरी ठेवायचा. डाव्यानेच खेळायचं, चेंडू सोडायचा, धडपडायचं. का, ते विचारायचं नाही. वहीवाला दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन जायचा आणि मास्तर गालातल्या गालात हसायचे.

मग भिंगरी आला. आईने नाव चांगलं ठेवलं होतं, पण पोरगं एका जागी उभं राहील तर शपथ! बाप नव्हता, आई दवाखान्यात चादरी धुवायची. सहा वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की हा टपरीवर. चेंडूंत हवा भरायची, मास्तरांच्या डब्यातला अर्धा डबा संपवायचा, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बायको डब्यात दोन पोळ्या जास्त घालू लागली, आणि कुणासाठी ते दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही.

आणि खेळ! त्याच्या उजव्या पायातून चेंडू सुटला की मास्तर शिट्टी फुंकायची विसरायचे. दोन वर्षं वहीवाला आला आणि दोन्ही वर्षं टॉवेल खांद्यावर गेला. दुसऱ्या वर्षी जाता जाता त्याने विचारलं, "तो पोरगा... त्याला उजवा पाय नाहीच का?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासूनच कच्चा आहे." खोटं इतक्या सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तिसऱ्या वर्षी सामन्याच्या दोन दिवस आधी भिंगरीची आई टपरीवर आली. स्टूल पुढे केलं तरी बसली नाही.

"मास्तर, मी दोन्ही वर्षं कुंपणाबाहेरून बघितलंय. तुमचा टॉवेलही बघितलाय."

मास्तरांनी हातातली ट्यूब खाली ठेवली.

"पुढच्या महिन्यात तो तेरा वर्षांचा होतोय. त्यानंतर ते घेत नाहीत. जाऊ द्या त्याला."

"आणि चष्मिससारखा परत पाठवला तर, ताई?"

"तर मी आहे की घरात. परत येऊ दे. पण न जाताच परत आल्यासारखा नको राहायला." तिने हात पुढे केले. सोड्याने बोटांची सालं निघाली होती. "तुम्ही त्याला जीव लावलात, मला कळतं. पण मास्तर, पोरगा माझा आहे."

मास्तरांना रडू फुटायचंच बाकी होतं. "टॉवेल घरीच ठेवतो," ते म्हणाले.

"त्याला सांगा तसं."

"सांगितलं तर धास्तीने पाय जड होतील त्याचे. टॉवेल दिसला नाही की आपोआप समजेल."

सामन्याच्या दिवशी मास्तरांनी टॉवेल खरोखरच घरी दोरीवर ठेवला. मैदानात उतरण्याआधी भिंगरीने त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा मोकळा. पोराने पुन्हा पाहिलं, मास्तरांनी मान हलवली, आणि मग जो काय सुटला म्हणता! पहिल्या दहा मिनिटांत उजव्या पायाने असा गोल मारला की गोलकीपर हललाच नाही. वहीवाला खुर्चीच्या कडेला सरकला. त्याने पेन काढलं. कुंपणापाशी आईने तोंडावर हात धरला.

गेलं आपलं पोरगं, मास्तरांच्या मनात आलं. आनंदच झाला त्यांना, खोटं कशाला बोलू? पण त्या आनंदातच डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या राखीव गोलकीपरने आपला टॉवेल पुढे केला. "घ्या, मास्तर." त्यांनी डोळे पुसले, चेहरा पुसला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला.

गोलनंतर चेंडू अजून मधोमध ठेवत होते, भिंगरीने तेवढ्यात मास्तरांकडे पाहिलं.

पुढचा चेंडू त्याने डाव्या पायाने मारला, तो सरळ बाहेर. त्याच्या पुढच्या चेंडूला तो धडपडून पडला. मास्तरांना उमजलं तेव्हा त्यांनी अंगावर पाल पडावी तसा टॉवेल झटकून फेकला, हात हलवले, ओरडले, "उजव्याने! अरे, उजव्याने!" पण खेळताना कडेला बघायचं नाही, कोण काय ओरडतं ते ऐकायचं नाही, हे त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं. पोरगं मान खाली घालून डाव्या पायाने खेळत राहिलं.

मध्यंतराला वहीवाला खुर्चीची घडी घालू लागला. मास्तर धावत गेले. "साहेब, थांबा! उजवा पाय बघा त्याचा. पहिला गोल बघितलात ना?"

"लागतो एखादा," तो म्हणाला. "उजवा कच्चा आहे हे तुम्हीच तर सांगितलं होतं मागच्या वर्षी."

"खोटं बोललो मी! पाया पडतो तुमच्या."

त्याने खुर्ची गाडीत टाकली. असे विनवणारे त्याला रोजच भेटत असणार. गाडी गेली. मास्तरांनी मागे वळून पाहिलं तर कुंपणापाशी आई नव्हती.

संध्याकाळी भिंगरी टपरीवर आला, नेहमीसारखा पंप हातात घेतला. गुडघे फुटले होते, डोळे सुजले होते, पण मास्तरांसमोर तो ऐटीत उभा राहिला.

"मास्तर, सुरुवातीला मला वाटलं, या वेळी तुम्ही मला पाठवताय. पण मग टॉवेल बघितला." त्याने नाक ओढलं. "लगेच पाय बदलला की नाही? बरोबर खेळलो ना?"

मास्तरांनी खूप वेळ ट्यूब पाण्यात धरून ठेवली.

"हो रे बाळा," ते म्हणाले. "बरोबर खेळलास."