लायटर खाली काढला तो दिवस

आमच्या मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत गॅसचा लायटर आम्ही कपाटावर ठेवत होतो. शाळेचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या बाई बजाजनगरला आमच्या घरी आल्या.

"शाळेत ती चहा करते. घरी तुम्हीच करू देत नाही," त्या म्हणाल्या.

मी लायटर खाली काढून दिला. तिनं शेगडीचं बटण फिरवलं. लायटर दोनदा वाजला, गॅस पेटला नाही. वास आला. मी धावलो, तर बाईंनी माझा दंड धरला.

"थांबा दादा."

मुलीनं बटण बंद केलं, खिडकी उघडली.

"बाबा, लई घाबरता तुम्ही. बाहेर बसा."

मी दारापर्यंत गेलो. त्यापुढं पाय उचलेनात.