वकीलसाहेबांचा पॉडकास्ट आणि शिंपीणबाईंचा गाळा

आमच्या वकीलसाहेबांना देवाने आवाज मोठा दिला होता. त्यामागे काही ठेवायचं मात्र राहून गेलं. कोर्टात न्यायाधीश त्यांना मध्येच थांबवत. कुणी थांबवणार नाही अशी जागा ते आयुष्यभर शोधत होते. ती त्यांना पॉडकास्टमध्ये सापडली.

घरातल्याच ऑफिसच्या मागच्या खोलीत त्यांनी भिंतींना रजया टांगल्या, माइक आणला. बायकोने पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि स्वतःलाही स्वयंपाकघरात बंद करून घेतलं.

पहिल्या भागात साहेबांनी स्वतःची ओळख करून दिली. ओळख संपली, भागही संपला. दुसऱ्याला विषय हवा होता, म्हणून त्यांनी कपाटातून शिंपीणबाईंची फाइल ओढली.

या बाईंना जुन्या मालकाने तोंडी शब्द दिला होता, हात चालतील तोवर गाळा तुमचाच. मालक गेला. मुलगा त्यांना बाहेर काढायला निघाला. पुष्कळ ओढाताणीनंतर तो तडजोडीला तयार झाला होता. सही तेवढी बाकी होती.

वकीलसाहेबांनी बाईंचं नाव घेतलं नाही. अशिलाचं नाव उघड करायचं नसतं, एवढा कायदा त्यांना येत होता.

"एक शिवणकाम करणारी बाई," ते रंगात येऊन माइकला सांगत होते, "कागद नाही, पावती नाही, तोंडाच्या वाफेवर दुकान. अशी केस कोर्टात तासभर टिकत नाही. तडजोड झाली, तर ती माझी कमाल."

त्या बाजारात शिवणकाम करणारी बाई एकच होती. मालकाच्या मुलाने तो भाग निवांत ऐकला, पुन्हा ऐकला, आणि सही करायला नकार दिला.

शिंपीणबाई थेट ऑफिसात आल्या.

"केस टिकत नाही, हे मला का नाही सांगितलंत?"

"अहो ताई, ते श्रोत्यांसाठी असतं. कोर्टात मी बरोबर उलटं बोलणार."

"तिथे तुमचं ऐकतं कोण? ते आधी काढून टाका."

"काढलं असतं हो. पण लोकांना तोच भाग आवडलाय."

बाईंनी कपाट उघडलं, आपली फाइल शोधली आणि काखोटीला मारली.

"कुठे निघालात?"

"कमी बोलणारा वकील बघायला. गाळा वाचवायचाय मला."

साहेब जिन्यापर्यंत मागोमाग गेले. कुणाला वाटेल, माफी मागायला गेले.

"ताई," ते कठड्यावरून वाकून म्हणाले, "निकाल काय लागतो ते कळवा हं. श्रोते विचारतायत."