साहेबांचं बोट सगळ्यांत शेवटी

आदल्या संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरी फोन आला. शेंद्र्याच्या कारखान्याचे प्लांट हेड बोलत होते. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता त्यांच्याकडं कंत्राटावर ट्रेनिंग देतो.

"सुभेदार, उद्याच्या ट्रेनिंगच्या खेळात तुमचा तो नियम नको. सगळ्यांत नवा माणूस आधी बोलणार आणि मी शेवटी? नियम काढा, नाहीतर येऊ नका."

"नियम राहील, साहेब. मी सकाळी हजर असेन. गेटवर अडवायचं असलं तर अडवा."

बायको म्हणाली, "अहो, जरा नमतं घ्यायचं की!" नाय घेतलं. का ते सांगतो.

मी तेव्हा हवालदार होतो. पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर. गस्तीआधी आमच्यात सँड मॉडेल असतं. जमिनीवर मातीचे डोंगर, दोरीचा नाला, काडीची चौकी मांडायची, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि वाट ठरवायची. त्या दिवशी आमच्या सुभेदारसाहेबांनी नाल्यावर बोट ठेवलं. "यहाँ से." आम्ही एका आवाजात, "जी साहब." झालं प्लॅनिंग!

सिपाही रफिक माझ्या मागं चालत होता. फुलंब्रीचा पोरगा. तोंडाची टकळी कधी बंद नसायची, त्या दिवशी गप्प.

"काय रे, दातखीळ बसली का?"

"उस्ताद, परवा पाण्याला आलतो तेव्हा नाल्यावरचा बर्फ पोकळ वाजत होता."

"मग मॉडेलवर बोलला का नाय?"

"साहेबांनी बोट ठेवलं होतं की."

मी हात वर करून आमची तुकडी थांबवली. तेवढ्यात बर्फ खचला आणि रफिक खाली गेला.

रेडिओवर कळवलं. "एक जवान बर्फ के नीचे. मदद भेजो. ओव्हर."

"वेट. ओव्हर."

आम्ही फावड्यांनी उकरलं, मग हातांनी. सापडला तेव्हा उशीर झाला होता. सुभेदारसाहेब त्याच्या उशाशी बसून लेकरासारखे रडले. मीही रडलो. पुढच्या गस्तीआधी साहेबांनी मॉडेलसमोर दोन्ही हात पाठीमागं धरले आणि म्हणाले, "सबसे छोटा पहले. मैं आखिर में."

तर शेंद्र्यात सकाळी गेटवर कुणी अडवलं नाय. खेळ संगणकावरचा. पंप बनवणारी एक खोटी कंपनी पाच जणांनी मिळून चालवायची. माल किती काढायचा, भाव काय लावायचा ते ठरवा, संगणक नफातोटा दाखवतो.

"पहिली फेरी माझ्या पद्धतीनं," प्लांट हेड म्हणाले. "उत्पादन दुप्पट करा." चार माना हलल्या. संगणकानं पडून राहिलेल्या पंपांनी भरलेलं गोदाम दाखवलं.

स्टोअरचे मुजीबभाई पुटपुटले, "मला वाटलंच होतं, इतका माल उठणार नाय."

"मग बोलला का नाय?" मी विचारलं.

"साहेबांनी ठरवलं होतं की."

माझं डोकं सणकलं. "पुढची फेरी माझ्या नियमानं," मी म्हणालो. "पटत नसेल त्यांनी आत्ताच मला बाहेर काढा." कुणी हललं नाय.

सगळ्यांत नवी होती क्वालिटीतली प्रज्ञा. म्हणाली, "भाव निम्मा करू." चूक होतं. लई चूक. पण मुजीबभाई उसळले, "बाई, अशानं कंपनी बुडंल!" अकाउंट्सवाला मध्ये पडला, प्रज्ञा दोघांशी भांडली. मघाची मुकी माणसं टेबल बडवत होती. शेवटी जो भाव ठरला तो कुणा एकट्याचा नव्हता. कंपनी तरली.

प्लांट हेड माझ्याजवळ आले. "हा नियम कुणाचा?"

"सिपाही रफिक, फुलंब्री. त्याला बोलता आलं नाय, म्हणून झाला."

ते जागेवर जाऊन बसले. माझ्या कंत्राटाचं काय, ते सांगितलं नाही. पुढच्या फेरीला मात्र त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

उद्या काढतील तर काढोत. मी जिथं जाईन, तिथं आधी रफिक बोलंल.