घरमालकिणीची टाकी

गेमच्या धंद्यात शिरायचं कसं, असं कॉलेजातली मुलं मला फोन करून विचारतात. मी सांगते, फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, एक लहानसा गेम शेवटापर्यंत पूर्ण करा, मग तो कुणालातरी खेळायला द्या आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघत बसा. यात काही खोटं नाही. पण मी स्वतः या धंद्यात आले ती लातूरच्या एका बाईमुळे, आणि तिचं भलं व्हावं असं मला आजही वाटत नाही.

बारावीला माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला उदगीरहून लातूरला मेडिकलच्या क्लासला ठेवलं. क्लासच्या मागच्या गल्लीत एका बाईच्या वरच्या मजल्यावर आम्ही मुली राहायचो. तिला आम्ही काकू म्हणायचो. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच ते वर्ष. नळ कोरडे पडलेले. टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि त्यातून आम्हाला एकेक बादली मिळायची. टाकीच्या तोटीला काकूंनी कुलूप लावलं होतं आणि किल्ल्या कमरेला.

एके दिवशी मला पाळी आली होती म्हणून मी बादलीभर पाणी जास्त मागितलं. काकू नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी निघाली. आदल्या संध्याकाळी त्यांचा मुलगा अंगणात टाकीचा पाइप लावून मोटरसायकल धूत होता, हे आम्ही सगळ्यांनी गॅलरीतून पाहिलं होतं. तरी काकूंनी बोट दाखवलं ते माझ्याकडे.

"कालच मागून राहिली होती ही. मी न्हाई म्हणलं, तर चोरून घेतलं."

बाकीच्या मुली खाली बघत उभ्या राहिल्या. त्यांना खोली टिकवायची होती. काकूंनी अप्पांना फोन केला आणि दुपारच्या आत अप्पा एसटीनं येऊन पोचले. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं छोटं अडत दुकान होतं, ते उघडं टाकून आले होते. कपाळावर विभूती, शर्टाला गाडीतली धूळ. त्या दिवसांत आमच्याकडे लातूरपासून वेगळा उदगीर जिल्हा होणार म्हणून जिकडंतिकडं बॅनर लागले होते. काकू अंगणात, शेजारपाजार गोळा झालेला असताना, अप्पांना म्हणाल्या, "तुम्हाला जिल्हा पायजे म्हणं. आधी लेकरांना चोरी करू नये, इतकं तर शिकवा."

अप्पांनी हात जोडले. "लेकरू हाय. चुकलं असंल. पोटात घाला."

माझी वळकटी आणि पेटी घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. गाडी लातूरच्या गर्दीतून बाहेर पडली. मग मी म्हणाले, "अप्पा, मी न्हाई घेतलं पाणी."

ते खिडकीबाहेर बघत होते. "जाऊ दे आता," म्हणाले.

ते 'जाऊ दे' मला चोर म्हटल्यापेक्षा जास्त लागलं.

परीक्षा मी घरून दिली आणि मेडिकल हुकलं. गावातल्याच कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. आदल्या वर्षी पाऊस नसल्यामुळे मोंढ्यात माल येत नव्हता, दुकानातला बिलांचा कॉम्प्युटर दिवसभर मोकळा. कॉलेज सुटलं की मी पोत्यांच्या वासात बसून गेम बनवायला शिकू लागले. हिंदी व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, तसंच करून पाहायचं. चुकायचं, पुन्हा करायचं. पहिल्या दिवसापासून मला बनवायचं होतं ते ठरलेलं होतं. एक मुलगी, तिच्या हातात बादली, वर गच्चीवर टाकी, तिच्यातून बादली भरायची आणि आडवी येणारी एक बाई. अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, कमरेला किल्ल्या. तिचा चेहरा मी इतक्या वेळा काढला, की शेवटी डोळे मिटून काढता यायचा.

पदवी झाल्यावर तो गेम मी बऱ्याच कंपन्यांना पाठवला. कुणी उत्तर दिलं नाही. मग हैदराबादच्या एका लहान स्टुडिओनं बोलावलं. उदगीरहून गाडीत बसलं की हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. तिथल्या प्रमुखांनी माझ्यासमोर गेम खेळला, ते हरले, पुन्हा खेळले, पुन्हा हरले आणि त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"गुस्सा तो आरा," ते म्हणाले, "पर फिरसे खेलनेकू दिल नै होरा. ये अम्मा कब आती, कायकू आती, कुछ समझमें नै आरा."

मी म्हटलं, ती तशीच होती. आपण काहीही केलं तरी ती यायची आणि हिसकावून घ्यायची.

ते म्हणाले, असं कुणीच नसतं. प्रत्येकाची काहीतरी सवय असते. ज्याला ती सवय कळेल तो जिंकला पाहिजे, नाहीतर तो गेम नाही, नुसती तक्रार आहे. सुधारून आणा, मग बघू.

मी उदगीरला न उतरता सरळ लातूरला गेले. त्या गल्लीत समोरच्या बाजूला एक रसवंती झाली होती. तिथं बसून मी काकूंची गच्ची बघत राहिले. मधल्या काळात पाऊस बरा झाला होता, तरी तोटीला कुलूप होतंच. वर नव्या मुली होत्या. ऊन उतरल्यावर काकू गच्चीवर आल्या. बोटांच्या पेरांनी टाकी वरून खाली वाजवत गेल्या, टक, टक, टक, आवाज बदलला तिथं, पाण्याच्या पातळीशी, थांबल्या. मग कठड्यावरून डावी-उजवीकडे पाहिलं आणि कुलूप ओढून बघितलं. मी राहत होते तेव्हाही हा आवाज छतातून यायचा. मी कधी कान दिला नव्हता.

त्यांना इतकं जवळून बघून त्यांची दया येईल की काय, अशी मला धास्ती होती. तेवढ्यात त्या जिन्यातल्या एका मुलीवर ओरडल्या, "नुसतं पाणी ओतून राहिलीस, बापानं हीर खांदून दिली का?" माझी धास्ती गेली.

घरी येऊन मी गेम मोडून नव्यानं बांधला. आता बाई येण्याआधी टाकी वाजायची. जो ऐकेल त्याला वेळ मिळायचा. आणि अंगणात मी तिचा मुलगा आणला, मोटरसायकल आणि पाइपसकट. त्याच्यामुळं टाकीतलं पाणी उतरायचं आणि आळ मुलीवर यायचा. जिंकायचं असेल तर एकच वाट होती. तो गाडी धूत असताना बाईला अंगणात आणून उभं करायचं.

पहिल्यांदा तो गेम अप्पांनी खेळला. दुकानात, चष्मा लावून, एका बोटानं. किती तरी वेळा हरले. मी शेजारी बसले होते, काही सांगितलं नाही. मग त्यांना तो मुलगा दिसला.

"हे पोरगं गाडी धून राहिलं, अन् बाई पोरीवर ओरडून राहिली?"

"हाव."

त्यांचं बोट थांबलं. "असंच झालतं?"

"हाव, अप्पा."

"मी हात जोडले त्या बाईला," ते म्हणाले.

'जाऊ द्या' म्हणणं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं नाही. म्हटलं, "खेळा पुढं." आणि ते खेळले. गेममधली बाई अंगणात येऊन मुलासमोर उभी राहीपर्यंत त्यांनी मोबाइल सोडला नाही.

मला ती नोकरी लागली. काही काळानं स्टुडिओनंच तो गेम फुकटात बाजारात सोडला, आमच्या बोलीतल्या वाक्यांसकट. मोठा चालला असं नाही. पण लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांमधून, मुलींच्या खोल्यांतून तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर गेला. मला तेवढंच हवं होतं.

एका दुपारी ऑफिसात माझा मोबाइल वाजला; माझं नाव आणि नंबर गेममध्ये होताच. आवाज मी लगेच ओळखला.

"माझं सोंग काढलीस का गं गेममधी?"

"तुमचं नाव कुठं हाय त्यात, काकू?"

"टाकी वाजवणारी मीच हाय. गल्लीतली लेकरं मला बघितलं की दारं वाजवून राहिलीत. माझ्याच घरातल्या पोरी जेवताना ताटं वाजवून हसायल्यात."

"मग गाडी धुणारा कोण हाय?"

त्यांचा आवाज खाली आला. "लहान होता तो तवा."

लहान नव्हता. आम्हा सगळ्या मुलींपेक्षा मोठा होता. पण मला दुसरंच कळलं आणि खुर्चीतून उठून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. म्हणजे त्यांना माहीत होतं. अप्पा हात जोडून उभे होते, तेव्हाही माहीत होतं.

"काढून टाक ते," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी का छळ मांडलास?"

"उदगीरला या," मी म्हटलं. "मोंढ्यात अप्पांचं दुकान कुणीबी दाखवील. चार माणसं असताना या, त्यांच्यापुढं हात जोडा. मग बघते."

त्यांनी फोन ठेवला. अजून आलेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी गेम पुन्हा उघडला आणि शेवटाला एक वाक्य घातलं. आता अंगणात मुलगा पाइपसकट सापडला, की बाई चष्मा सावरते आणि म्हणते, "लहान हाय तो." स्टुडिओतल्या सगळ्यांना ते फार आवडलं. हे सुचलं कसं, म्हणून प्रमुखांनी विचारलं. मी म्हटलं, सुचलं नाही, ऐकलं.