गणिताच्या सरांची मुलगी

इंदिरानगरमधल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं, दिवसभर मुलांशी बोलायचं. प्रत्यक्षात कुणी बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्याकडे, स्नेहसंमेलनाचं निवेदन माझ्याकडे, शाळा सुटताना बसजवळ उभं राहणंही माझ्याकडेच. उरलेल्या वेळात जिन्याखालच्या छोट्या खोलीत मुलं मला भेटायला येत.

त्यांत दहावीतली एक मुलगी होती. गणिताचा पेपर जवळ आला की तिला उलट्या व्हायच्या, हात गार पडायचे. तिचे वडील आमच्याच शाळेत गणित शिकवत. बाबांना सांगू नका, एवढंच तिनं मागितलं होतं. मी कबूल झाले, पण तूच घरी बोल, असं दर भेटीत म्हणत राहिले. अवघड होतं ते स्टाफरूममध्ये सरांसमोर बसून डबा खाणं. हल्ली मुलांना रडायलाही वेगळी खोली लागते, असं ते मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणत. मी मुकाट्यानं पोळी मोडायची.

सहामाहीनंतर मुख्याध्यापिकांनी मला कामाच्या आढाव्यासाठी बोलावलं. माझं निवेदन छान होतं, मी कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही, असं कौतुक केलं. मुलांविषयी मात्र एक शब्द नाही. मग म्हणाल्या, त्या खोलीत रोबोटिक्सची लॅब करायचं चाललंय, तुम्ही आता पूर्णवेळ शिकवायलाच घ्या. मी बाहेर आले. ज्या कामासाठी मला ठेवलं होतं, ते कुणाला दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या बैठकीत खोलीचा विषय निघाला. मी काही बोलायच्या आत गणिताचे सर उभे राहिले. आता हे दुजोरा देणार, असंच मला वाटलं.

"ती खोली काढू नका," ते म्हणाले. "माझी मुलगी तिथे जाते. काल तिनंच घरी सांगितलं. माझ्याच विषयाची तिनं इतकी धास्ती घेतलीय, आणि मी इथे बसून थट्टा करत होतो."

मुख्याध्यापिकांनी विषय तिथेच थांबवला. खोली राहिली. घरी जाताना सिग्नल हिरवा झालेलाही मला कळला नाही, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

सकाळी पहिले दोन तास झाल्यावर ती मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी होती. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, बाबांनी सगळ्या टीचर्सना सांगितलं. आता वर्गावर आल्या की त्या माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात."

आदल्या संध्याकाळभर मी खुशीत होते. माझी खोली वाचली ती हिच्या गुपिताच्या जिवावर, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी सरांना बोलावून घेतलं. ते आले, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसले. काय बोलू, असं त्यांनी मला हळूच विचारलं. काहीच नको, नुसतं ऐका, मी म्हटलं. मुलगी आधी रडली, मग बोलायला लागली. तास संपल्याची घंटा झाली तरी सर उठले नाहीत. त्यांच्या वर्गावर त्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः गेल्या.