पन्नास पौंडांचं धनुष्य

नॅडीन गोर्ट्झने आयुष्यभर शाळेची बस चालवली. बस चालवणाऱ्या माणसाला एक खोड लागते, तशी तिलाही लागली होती. समोर बघत असतानाच दोन्ही बाजूंच्या आरशांत एकदम बघायचं. या खोडीचा कधी लाकूडकामात उपयोग होईल असं कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. लाकडाशी तिचा संबंध शेगडीत सरपण घालण्यापुरता. धनुष्यबाणाचं खातं तिच्या थोरल्या भावाचं, डेलचं.

डेल धान्याच्या कोठारावर नोकरीला होता आणि शनिवारी व्हर्जिल स्टकीच्या शेडमध्ये धनुष्यं करायचा. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. त्या शेडमध्ये जमणाऱ्यांपैकी कुणी कधी धनुष्य विकलं नाही. करायचं, वापरायचं, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायचं. लाकूड एकच, हेजचं. कॅन्ससच्या शेतांना पणजोबांच्या काळात कुंपण म्हणून लावलेली ती काटेरी झाडं. आतून हळदीसारखी पिवळी आणि कुऱ्हाडीला दाद न देणारी.

मग पार्किन्सनने डेलचा उजवा हात धरला, पाठोपाठ डावाही. शनिवारचं जाणं बंद झालं. जानेवारीत एका दुपारी तो नॅडीनच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "माळ्यावर हेजचा एक दांडा आहे. हात कामातून जायच्या आधी फोडून वाळत टाकला होता. तो तू कर."

"मी? मला चाकू बटाट्यापुरता धरता येतो."

"व्हर्जिल शिकवेल. मे महिन्यातल्या तिरंदाजीच्या मेळ्याला मला त्यानेच बाण मारायचेत. पन्नास पौंड ओढ ठेव, दोरी गालापर्यंत आणायला तेवढा जोर लागला पाहिजे. त्याच्या खाली नको हं. खाली म्हणजे पोराटोरांचं खेळणं."

हे बोलताना त्याने उजवा हात हळूच टेबलाखाली घेतला. नॅडीनने तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. डेलने तिच्याकडे आजवर काहीही मागितलं नव्हतं. तिचा नवरा विचिटाला गेला तो गेलाच, तेव्हा त्याच आठवड्यात डेल येऊन तिची बंद पडलेली शेगडी दुरुस्त करून गेला होता, एका शब्दानेही चौकशी न करता. अशा माणसाने तोंड उघडून काही मागितलं, तर नाही म्हणायला जीभ कशी वळणार?

व्हर्जिल स्टकी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, आणि एकसष्ट वर्षांच्या नॅडीनला 'पोरी' म्हणणारा जगात उरलेला एकटा माणूस. त्याने दांडा उलटासुलटा केला, नखाने टोकरला आणि तिच्या हातात परत दिला.

"डेलचा शेवटचा आहे ना हा?"

"हो."

"मग मोडायचा नाही."

एवढंच बोलला. शेडच्या भिंतीवर मोडलेली धनुष्यं टांगलेली होती. प्रत्येक जण आपलं पहिलं तिथे टांगून गेला होता, खुद्द व्हर्जिलही.

तिथला दुसरा गुरू हार्लन टीग. त्याचं तोंड शेडमधल्या करवतीपेक्षा जास्त चालायचं. "ये, ये बाई," तो म्हणाला, "बसमधल्या पोरांना ओरडतेस ना, तसं लाकडाला ओरडू नको. ते ऐकत नाही. हेज म्हणजे गोर्ट्झांपेक्षा हट्टी."

पहिलं काम, धनुष्याची पाठ काढायची. झाडाच्या वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड ठेवायचं आणि त्याच्या वरचं सगळं सोलून काढायचं. कुठे पातं जरा खोल गेलं आणि खालच्या वलयात शिरलं, की तिथेच धनुष्य मोडणार; आज नाही तर उद्या. दोन्ही मुठींनी धरून पातं अंगाकडे ओढायचं आणि कान लाकडाकडे ठेवायचे. वलयांच्या मधला भुसभुशीत थर कुरकुरत निघतो, कडक थर आला की आवाज बदलतो. नॅडीन श्वास रोखून ओढायची. मार्च अर्धा गेला तेव्हा पाठ निघाली, आणि त्या दिवशी हार्लनलाही थट्टा सुचली नाही.

तोवर तिची भीती एकच होती, दांडा मोडण्याची. खरी भीती पुढे आली.

एका रविवारी ती डेलकडे बीरॉक घेऊन गेली. कोबी-खिमा भरलेले ते बन त्याला गरम लागतात. त्याने कॉफीचं भांडं उचललं. एका हाताने उचललं, मग दुसरा हात लावला, आणि अर्ध्या वाटेवर परत शेगडीवर ठेवलं. "फार तापलंय," म्हणाला. भांडं कोमट होतं. नॅडीनने कॉफी ओतली आणि दोघं पावसापाण्याचं बोलत बसली.

घरी जाताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. ज्याला कॉफीचं भांडं पेलत नाही, तो तीन बोटांनी पन्नास पौंड ओढणार? मेळ्याला सगळं गाव असतं. डेल पुढे येईल, धनुष्य उचलेल, दोरी ओढायला लागेल आणि ती निम्म्यावरही येणार नाही. सगळे गप्प राहतील, आणि ते गप्प राहणंच त्याला खाईल. बरं, धनुष्य हलकं करावं, तर त्याने आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट तिने मोडली असं होणार.

आता कुणी म्हणेल, सरळ विचारायचं ना, बाबा रे, किती झेपतं तुला? असं म्हणणाऱ्याने गोर्ट्झ घरातली माणसं पाहिलेली नाहीत. तिथे बापाला कॅन्सर झाला तेव्हा सगळ्यांनी त्याला खोकल्याचं औषध आणून दिलं होतं.

एप्रिलमध्ये धनुष्य 'झाडावर' चढलं. झाड म्हणजे भिंतीला ठोकलेला एक खांब. त्याच्या माथ्यावर धनुष्य आडवं ठेवायचं, दोरीला आकडा लावायचा आणि कप्पीवरून लांब उभं राहून दोर ओढायचा. मध्ये काटा असतो, तो वजन दाखवतो. धनुष्य वाकतं, आणि बघायचं असतं की धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकतात का. जो ताठ आहे तो खरवडायचा. जो जास्त वाकतोय त्याला बोटही लावायचं नाही. खरवडलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून नवशिक्याचं ठरलेलं होतं. एक बाजू खरवडली की दुसरी ताठ वाटते, दुसरी खरवडली की पहिली, आणि असं करता करता पन्नासाचं पस्तीस होतं. शेडमध्ये त्याला 'वजन सांडणं' म्हणत. वजन सांडलेल्या माणसाची वर्षभर सुटका नसे.

"डावा ताठ आहे," नॅडीन म्हणाली.

व्हर्जिलने डोळे बारीक केले. "कुठे?"

"मुठीपासून वीतभर पुढे. उजवा तिथे वाकतो, हा वाकत नाही."

"मला चाळीस वर्षं लागली हे दिसायला," व्हर्जिल हार्लनकडे बघून म्हणाला. "तुला अजून दिसत नाही."

आरसे बघायची खोड ती ही. तिच्या पात्याखाली दोन्ही हात हळूहळू सारखे आले. शेवटी व्हर्जिलने दोर पूर्ण ओढला आणि काटा बावन्नावर थांबला. वाक चंद्रकोरीसारखा गोल. हार्लनने टोपी मागे सारली.

"घ्या. पहिल्याच खेपेला. बाई, आता दोन पौंड घासण्यात जातील आणि नेमकं पन्नास. पात्याला हात लावू नको आता. घरी जा, केक खा."

नॅडीनने धनुष्य खाली घेतलं, गुडघ्यात धरलं आणि पातं उचललं.

"काय करतेस?"

"उजवा जरा ताठ वाटतोय."

"कुठे ताठ आहे? डोळे फुटले का तुझे?"

तिने खरवडलं. केसांसारखा बारीक पिवळा कीस जमिनीवर पडला. आता ती जाणूनबुजून तेच करत होती जे सगळे चुकून करतात, आणि एका बाजूने जरा जास्त गेलं तर सारखेपणा बिघडून धनुष्य तिथेच मोडणार होतं. जितकं उजवीकडून काढलं तितकंच डावीकडून काढायला हवं होतं. परत झाडावर. शेहेचाळीस. परत खाली.

"व्हर्जिल, थांबवा तिला," हार्लन म्हणाला. "वजन सांडतेय ही. बादलीने सांडतेय."

व्हर्जिल दोर ओढत राहिला. एक्केचाळीसवर धनुष्यातून 'टक्' असा आवाज आला. तिघेही जागच्या जागी थिजले. व्हर्जिलने दोर हळूहळू सैल सोडला आणि नॅडीनने पाठीवरून अंगठा फिरवला, वीत वीत, टोकापासून टोकापर्यंत. दोरीची गाठ सरकली होती. लाकूड साबूत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं आणि पुन्हा पातं घेतलं.

बत्तिसावर ती थांबली. हार्लनने मान हलवली. "डेलच्या लाकडाचं खेळणं केलंस. आता हे कुणा नातवाच्या वाढदिवसाला दे." नॅडीन भुसा झाडत राहिली. सांगितलं असतं तर डेलचा हात चव्हाट्यावर आला असता. त्यापेक्षा आपण अडाणी ठरलेलं बरं.

हार्लन गेल्यावर व्हर्जिल जवळ आला. "दोन्ही हात शेवटपर्यंत सारखे ठेवलेस," तो म्हणाला. "वजन सांडणाऱ्याला हे जमत नाही."

नॅडीनने पातं पुसून बाजूला ठेवलं.

"आता नाव घाल," तो म्हणाला. मुठीशेजारी आतल्या बाजूला शाईने लिहायची रीत होती, कुणी केलं, कुणासाठी, किती पौंड. वर तेलाचा हात फिरला की ते कायमचं.

"घरी घालते."

"पोरी, या शेडमधून खोटा आकडा कधी बाहेर गेलेला नाही."

"म्हणूनच घरी घालते."

आणि तिने घातला. स्वयंपाकघराच्या टेबलावर, बारीक टोकाच्या लेखणीने: नॅडीनकडून डेलसाठी, पन्नास. लिहून झाल्यावर तिला स्वतःचीच चीड आली. चोरी पकडली जाईल म्हणून नव्हे. डेलने आयुष्यभर लाकडाला हात लावलेला, त्याला फसवायचं तर त्याला मूर्ख समजावं लागणार, आणि ते तिला जमत नव्हतं. पण पुसलंही नाही. वर तेल फिरवलं.

मेळ्याच्या आदल्या दुपारी ती धनुष्य घेऊन डेलच्या अंगणात गेली. वारा नेहमीसारखा सुटला होता. डेलने धनुष्य हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं. मग मुठीजवळचं वाचलं.

"पन्नास," तो म्हणाला.

"हं."

"हार्लन काय म्हणाला?"

"हार्लन काहीही म्हणतो."

त्याने दोरी चढवायला तिला दिली. मग पाय रोवले, डावा हात पुढे केला आणि तीन बोटं दोरीत घातली. दोरी मागे आली, अर्ध्यावर आली, त्याच्याही मागे आली. हात थरथरत होते, पण येत होती. गालापासून चार बोटं उरली आणि दोरी थांबली. त्याने दात आवळले. खांदा वर चढला. चार बोटांची तीन झाली नाहीत. त्याने दोरी सावकाश, अगदी रीतीप्रमाणे, परत नेली आणि धनुष्य खाली केलं.

त्याने मुठीजवळचा आकडा पुन्हा वाचला.

"किती आहे खरं?" डेलने विचारलं.

खोटं बोलायची तिची सगळी तयारी होती. "बत्तीस," ती म्हणाली.

"वजन सांडलं तुझं?"

"नाही."

डेलने मान हलवली. शेताच्या कडेच्या हेजच्या रांगेकडे तो पाहत राहिला. मग म्हणाला, "मला अठ्ठावीस झेपतात. मार्चपासून वजनकाट्याला दोरी बांधून मोजतोय. तुला सांगायचं म्हणत होतो, पण म्हटलं, एवढी खपतेस पन्नासासाठी."

नॅडीन पायरीवर बसली. हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"पातं आणलंयस?"

"गाडीत आहे."

"आण. आणि आधी तो आकडा खरवड. उद्या कुणी उचलून बघेल आणि म्हणेल, नॅडीनला वजन मोजता येत नाही."

तिने पातं आणलं. डेल शेजारी बसला. धनुष्याचं एक टोक त्याने आपल्या दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं. हात हलत होते, गुडघे हलत नव्हते. तिने पन्नास खरवडून काढलं.

"आता दोन्हीकडून सारखं खरवडून चार पौंड काढ," तो म्हणाला. "सावकाश. मी सांगतो कुठे थांबायचं ते."